डिस्चार्ज समरी आणि रेडिओलॉजी रिपोर्टमधील स्पीच रेकग्निशनच्या चुका कशा कमी कराव्यात?

प्रश्न (रेडिओलॉजिस्ट, सोलापूर)

आमच्या रुग्णालयात रेडिओलॉजीचे रिपोर्ट आणि शस्त्रक्रिया विभागाच्या डिस्चार्ज समऱ्या आता स्पीच रेकग्निशनवर तयार होतात. पूर्वी आम्ही डिक्टेट करायचो आणि टायपिस्ट ऐकून टाइप करायचे; आता मायक्रोफोनवर बोलले की मजकूर थेट पडद्यावर उमटतो आणि तो वाचून सही करणे ही ज्याची त्याची जबाबदारी ठरली आहे. रात्री केलेल्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट सकाळपर्यंत अडकून पडत नाही, हा फायदा मोठा आहे आणि तो मला सोडायचा नाही. परंतु ज्या प्रकारच्या चुका होत आहेत त्या पाहून मी अस्वस्थ आहे, म्हणून अनुभवी मंडळींचे मत घ्यावे असे वाटले.

स्पेलिंगच्या चुकांची मला फारशी चिंता नाही, कारण त्या डोळ्यांना खुपतात. भीती आहे ती व्याकरणदृष्ट्या बिनचूक, वाचताना कुठेही अडखळायला न लावणाऱ्या वाक्यांची. डोक्याच्या एका सीटी रिपोर्टमध्ये ‘नो इव्हिडन्स ऑफ इंट्राक्रेनियल हेमरेज’ असे डिक्टेट केलेले वाक्य पडद्यावर ‘न्यू इव्हिडन्स ऑफ इंट्राक्रेनियल हेमरेज’ असे उमटले होते, म्हणजे कवटीच्या आत ‘रक्तस्राव नाही’ याचे ‘नवा रक्तस्राव’ झाले. न्यूरोसर्जनना रुग्णाची अवस्था आणि रिपोर्ट यांचा मेळ लागेना, म्हणून त्यांनी फोन केला आणि चूक उघड झाली. दुसऱ्या एका डिस्चार्ज समरीत थायरॉक्सिनच्या ५० मायक्रोग्रॅमचे ५० मिलिग्रॅम झाले होते, ते औषधाच्या काउंटरवर पकडले गेले. दोन्ही वेळा कोणाच्या तरी लक्षात आले, पण ज्या चुका कोणाच्याच लक्षात आल्या नाहीत त्या किती असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

आता व्यवस्थापनापुढे तीन सूचना आहेत: सॉफ्टवेअर बदलावे, सर्वांना महागडे मायक्रोफोन द्यावेत, किंवा डॉक्टरांना ‘नीट वाचून सही करा’ असे परिपत्रक काढावे. तिसऱ्या सूचनेवर माझा विश्वास नाही. ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी सांगावे की नेमके कुठे हात घातला तर फरक पडतो.

उत्तर १ (मेडिकल ट्रान्सक्रिप्शन संपादक, पुणे)

मॅडम, अमेरिकन रुग्णालयांची डिक्टेशन्स ऐकून टाइप करणे आणि नंतरच्या काळात यंत्राने काढलेला मसुदा ऑडिओ ऐकत दुरुस्त करणे, अशी दोन्ही कामे मी केली आहेत. त्या अनुभवावरून मला असे वाटते की आपल्याकडे सॉफ्टवेअर आले तेव्हा दुसऱ्या माणसाने ऑडिओ ऐकून तपासण्याचा एक पूर्ण टप्पाच कामातून निघून गेला, आणि तो निदान निवडक ठिकाणी तरी परत आणल्याशिवाय मोठा फरक पडणार नाही.

हा टप्पा किती मोलाचा आहे याचे मोजमाप झालेले आहे. २०१८ साली ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात अमेरिकेतील दोन आरोग्यसंस्थांमधील १४४ डॉक्टरांनी डिक्टेट केलेल्या २१७ नोंदी तपासल्या होत्या. यंत्राच्या कच्च्या मसुद्यात दर १०० शब्दांमागे ७.४ चुका होत्या. ट्रान्सक्रिप्शनिस्टने ऐकून तपासल्यावर हे प्रमाण ०.४ वर आले, आणि डॉक्टरांच्या सहीनंतर ०.३ वर. म्हणजे जवळजवळ सगळी घट मधल्या माणसाच्या हातून झाली आणि डॉक्टरांच्या वाचनाने त्यात थोडीशीच भर पडली. डॉक्टर निष्काळजी होते असा याचा अर्थ नाही. आपणच बोललेले आपण वाचतो तेव्हा मनातले वाक्य आधीच तयार असते आणि डोळे पडद्यावर तेच शोधतात. म्हणून परिपत्रकाबद्दल आपला जो अविश्वास आहे तो मला योग्य वाटतो.

आपल्या विषयाचेच उदाहरण घ्यायचे तर २०११ साली कॅनडात स्तनांच्या इमेजिंग रिपोर्टवर झालेला अभ्यास आहे. त्यात स्पीच रेकग्निशनने केलेल्या २३ टक्के रिपोर्टांत किमान एक मोठी चूक आढळली, तर जुन्या पद्धतीने डिक्टेट करून टाइप केलेल्या रिपोर्टांत हे प्रमाण ४ टक्के होते. सॉफ्टवेअर तेव्हापासून पुष्कळ सुधारले आहे, हे मान्य. पण आपण वर्णन केलेली ‘नो’ची चूक आजही होते, कारण हा शब्द एकाच अक्षराचा, घाईत गिळला जाणारा आणि संपूर्ण वाक्याचा अर्थ एकट्याच्या खांद्यावर पेलणारा आहे.

ट्रान्सक्रिप्शनच्या धंद्यात आम्हाला पहिल्या दिवसापासून एक नियम शिकवला जात असे, की जे नीट ऐकू आले नाही ते अंदाजाने लिहायचे नाही. ती जागा रिकामी सोडायची, ऑडिओतली वेळ टिपायची आणि डॉक्टरांकडे परत पाठवायचे. यंत्र मात्र सहसा जागा रिकामी सोडत नाही. त्याला जे ऐकू आले नाही तिथेही ते काहीतरी सुबक लिहून मोकळे होते, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीतला हा सर्वांत घातक भाग आहे. अर्थात माणूस मध्ये असला म्हणजे सगळे सुरक्षित, असेही मी म्हणणार नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात २००८ साली एका रुग्ण महिलेच्या डिस्चार्जच्या कागदात इन्शुलिनच्या ८ युनिटांचे ८० झाले आणि त्यातून तिचा मृत्यू ओढवला. ते टायपिंग कंत्राटातून भारतात आलेले होते, आणि २०१२ साली ज्यूरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. तो कागद डॉक्टरांनी न तपासताच पुढे वापरला गेला होता. म्हणजे मधला माणूस हवा आणि शेवटचे वाचनही हवे.

बोलण्याच्या सवयींबद्दल चार गोष्टी सांगतो. नकार एका शब्दावर ठेवू नये: ‘नो हेमरेज’ ऐवजी ‘हेमरेज इज अ‍ॅबसेंट’ असे बोलले, तर शब्द चुकला तरी वाक्य विचित्र दिसते आणि नजर थांबते. सीटीमध्ये ‘हायपोडेन्स’ (नेहमीपेक्षा गडद) आणि ‘हायपरडेन्स’ (नेहमीपेक्षा पांढरट) यांतले दुसरे अक्षर ठळक उच्चारावे, कारण एका बाजूला इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याने मृत झालेला भाग, आहे आणि दुसऱ्या बाजूला रक्तस्राव. अ‍ॅबडक्शन (हात-पाय शरीरापासून दूर नेणे) आणि अ‍ॅडक्शन (शरीराजवळ आणणे) यांसाठी ‘ए-बी-डक्शन’ आणि ‘ए-डी-डक्शन’ म्हणण्याची सर्जन मंडळींची जुनी रीत आहे, ती इथेही पाळावी. ‘इलियम’ मात्र बोलून सुटणारच नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे हाड या दोन्हींचा उच्चार एकच आहे, तेव्हा ‘टर्मिनल इलियम’ किंवा ‘इलियॅक बोन’ असे म्हणून संदर्भ बरोबर द्यावा.

उत्तर २ (स्पीच तंत्रज्ञानावर काम करणारा अभियंता, हैदराबाद)

वरील उत्तरातील बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे. सॉफ्टवेअर बदलायचे की मायक्रोफोन, या प्रश्नाकडे तांत्रिक बाजूने पाहतो.

यंत्र दोन गोष्टींचा ताळा घालत असते: कानावर काय पडले, आणि अशा ठिकाणी सहसा कोणता शब्द येतो. आवाज अस्पष्ट झाला की दुसऱ्या गोष्टीचे वजन वाढते आणि यंत्र जास्त रुळलेल्या शब्दाकडे झुकते. चुका अशा सफाईदार का दिसतात याचे कारण हेच आहे. त्यामुळे आवाज स्पष्ट मिळणे हा पाया आहे, परंतु त्यासाठी महागडा मायक्रोफोनच हवा असे नाही. माझ्या पाहण्यात सर्वाधिक नुकसान ब्लूटूथ हेडसेटने होते. जुन्या किंवा साध्या जोडणीत हे हेडसेट टेलिफोनच्या दर्जाचा, म्हणजे ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा आवाज पाठवतात आणि त्यात ४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. ‘स’ आणि ‘फ’ या ध्वनींतला फरक बऱ्याच अंशी त्याच वरच्या पट्ट्यात असतो, म्हणून ‘सिक्स्टी’ आणि ‘फिफ्टी’ यांची गल्लत होते. वायर असलेला साधा यूएसबी हेडसेट १६ किलोहर्ट्झ सहज देतो. मायक्रोफोन ओठांसमोर न धरता तोंडाच्या कोपऱ्याशी थोडा बाजूला ठेवावा, म्हणजे श्वासाचे फुत्कार त्यावर आदळत नाहीत. आणि बटण दाबून धरले असतानाच ध्वनिमुद्रण होईल अशी व्यवस्था असावी, म्हणजे टेक्निशियनशी केलेले बोलणे रिपोर्टात शिरत नाही.

शब्द तोडून तोडून बोलू नये. एकेक शब्द सुटा बोलला की यंत्राला आजूबाजूचा आधार मिळत नाही. सबंध वाक्प्रयोग एका ओघात बोलावा आणि फक्त संख्येच्या आधी किंचित थांबावे. ‘फिफ्टीन’च्या ऐवजी ‘वन फाइव्ह’ म्हणण्याची सवय चांगली आहे, पण आपले सॉफ्टवेअर त्याचे १५ करते की १ आणि ५ असे सुटे आकडे टाकते, हे आधी तपासून घ्यावे.

सॉफ्टवेअरमधली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सोय म्हणजे स्वतःचा शब्दसंग्रह. भारतातील औषधांची ब्रँड नावे, आपल्या गावांची व सहकारी डॉक्टरांची नावे, नेहमीच्या शस्त्रक्रिया हे सगळे त्यात घालता येते. ही यादी शून्यापासून बनवण्याची गरज नाही: पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत आरोग्य मंत्रालयाचे राष्ट्रीय संसाधन केंद्र आहे, तिथून स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञावली आणि भारतातील औषधांची संकेतावली उपलब्ध होते. मात्र एक सावधगिरी हवी. उत्साहाने हजारो नावे घातली तर साध्या इंग्रजी शब्दांच्या जागी औषधांची नावे उमटू लागतात. म्हणून यादी विभागवार आणि आटोपशीर ठेवावी. रेडिओलॉजीच्या यादीत त्वचारोगाच्या मलमांचे काहीही काम नाही.

सॉफ्टवेअर बदलण्याचा निर्णय घ्यायचाच असेल तर कंपनीने सांगितलेल्या ‘९९ टक्के अचूकते’वर तो घेऊ नये. ही अचूकता सगळे शब्द सारखेच मानून काढलेली असते. १०० शब्दांच्या रिपोर्टमध्ये एकच ‘नो’ गळाला तर तो रिपोर्ट ९९ टक्के अचूकच ठरतो! आपल्याच विभागातील काही रिपोर्टांचा ऑडिओ घ्यावा, त्यात वेगवेगळ्या डॉक्टरांचे आवाज असावेत, पंखा आणि एसी चालू असताना केलेली डिक्टेशन्सही असावीत, आणि त्यावर फक्त पाच गोष्टी मोजाव्यात: नकार, संख्या, एकक, बाजू आणि औषधाचे नाव. दोन सॉफ्टवेअरची तुलना या पाच रकान्यांत केली की चित्र बरेच वेगळे दिसते.

यांतल्या बाजूच्या चुकीबद्दल एक खुलासा करतो. ‘राइट’ आणि ‘लेफ्ट’ हे शब्द आवाजाने इतके वेगळे आहेत की यंत्र त्यांची गल्लत क्वचितच करते. ही चूक बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या तोंडून होते. ऑडिओ ऐकून तपासणाऱ्यालाही ती सापडणार नाही, कारण ऑडिओतच ती आहे. त्यासाठी नियमांवर चालणारी साधी तपासणी हवी. मागणीपत्रात डावा गुडघा आहे आणि रिपोर्टात उजवा, रुग्ण स्त्री आहे आणि रिपोर्टात प्रोस्टेट, वर निष्कर्षांत १२ मिलिमीटर आणि खाली इंप्रेशनमध्ये, म्हणजे शेवटच्या सारांशात, १२ सेंटिमीटर, अशा विसंगती संगणक एका क्षणात पकडतो आणि सही थांबवू शकतो.

चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषा-प्रारूपांकडून (लँग्वेज मॉडेल) मसुदा तपासून घेण्याचा पर्यायही आता पुढे आला आहे. २०२४ साली जर्मनीतील कोलोन येथे २०० रेडिओलॉजी रिपोर्टांपैकी काहींत मुद्दाम मिळून १५० चुका पेरून जीपीटी-४ कडून तपासणी करून पाहिली गेली, त्याने ८२.७ टक्के चुका पकडल्या, तर सर्वांत चांगल्या वरिष्ठ रेडिओलॉजिस्टने ९४.७ टक्के. दुसरा वाचक म्हणून हे उपयोगी आहे, पण त्याला फक्त शंका दाखवू द्यावी, मजकूर बदलू देऊ नये. मजकूर बदलण्याची मुभा दिली तर खरी पण दुर्मिळ नोंद ‘सुधारून’ नेहमीची करून टाकण्याचा धोका राहतो.

उत्तर ३ (आपत्कालीन विभागातील डॉक्टर, सिडनी)

मी मूळची साताऱ्याची आणि सध्या सिडनीच्या एका रुग्णालयात काम करते. इथल्याच मॅक्वायरी विद्यापीठाच्या संशोधकांनी आपत्कालीन विभागातील ३५ डॉक्टरांवर केलेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. तीच कामे एकदा कीबोर्ड-माउसने आणि एकदा स्पीच रेकग्निशनने करून पाहिली असता, स्पीच रेकग्निशनला १८ टक्के जास्त वेळ लागला आणि चुकाही जास्त झाल्या. याचे एक कारण मला असे वाटते, की ती कामे संगणकीय नोंदप्रणालीत माहिती भरण्याची होती. सलग वर्णन सांगायला आवाज उत्तम आहे, पण चौकटी भरायला नाही.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की काही गोष्टी डिक्टेट करूच नयेत. रुग्णाची ओळख, अ‍ॅलर्जी, औषधे व त्यांचे डोस आणि प्रयोगशाळेचे आकडे संगणकात आधीपासून कुठेतरी नोंदलेले असतात. ते तिथूनच उचलून समरीत यावेत. ज्या संख्येला माणसाच्या तोंडातून जावेच लागत नाही, ती ऐकण्यात चुकू शकत नाही. आपल्या थायरॉक्सिनच्या उदाहरणात मायक्रोफोन कितीही चांगला असता तरी मूळ प्रश्न हा उरतोच की ते औषध बोलून का लिहावे लागले. रेडिओलॉजीतही सोनोग्राफीची मोजमापे मशीनमधून थेट रिपोर्टात आणता येतात, आणि नेहमीच्या तपासण्यांसाठी अवयववार टेम्प्लेट, म्हणजे आधीच लिहिलेल्या मजकुराचा साचा, ठेवले तर बोलण्याचा भाग फक्त विकृतीच्या वर्णनापुरता उरतो. टेम्प्लेटचाही एक दोष आहे, तो ध्यानात असू द्यावा: आधीच भरलेले ‘नॉर्मल’ बदलायचे राहून गेले की तीही तितकीच सफाईदार चूक होते. पित्ताशय काढून टाकलेल्या रुग्णाच्या रिपोर्टात ‘गॉल ब्लॅडर नॉर्मल’ असे वाक्य येते ते यामुळेच.

रुग्ण व डॉक्टर यांचे संभाषण ऐकून नोंद आपोआप तयार करणारी साधने आता सगळीकडे विकली जात आहेत आणि व्यवस्थापनापुढे कोणीतरी तीही ठेवील, म्हणून एक इशारा देते. तिथे चुकांची जातच वेगळी असते. शब्द चुकत नाहीत, पण न केलेली तपासणी केल्यासारखी लिहिली जाते किंवा रुग्णाने सांगितलेली महत्त्वाची गोष्ट गळते. ‘व्हिस्पर’ या आवाजाचा मजकूर करणाऱ्या प्रसिद्ध प्रारूपावर अमेरिकेत झालेल्या आणि २०२४ साली मांडल्या गेलेल्या अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनिखंडांत कोणीही न बोललेली वाक्ये उमटलेली आढळली, आणि त्यांपैकी ३८ टक्के वाक्ये हानिकारक स्वरूपाची होती. बोलताना लांब विराम घेणाऱ्या लोकांच्या ध्वनिमुद्रणांत हे जास्त दिसले. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेला रुग्ण किंवा दम लागलेला रुग्ण डोळ्यांसमोर आणला तर याचे गांभीर्य लक्षात येईल.

काही ठिकाणी रिपोर्टाच्या तळाशी ‘हा मजकूर स्पीच रेकग्निशनने तयार केला असून त्यात चुका असू शकतात’ अशी ओळ छापतात. ती ओळ कृपया टाकू नये. वाचणाऱ्या डॉक्टरला कोणत्या वाक्यावर विश्वास ठेवायचा हे तिच्यातून कळत नाही, आणि सही करणाऱ्याची जबाबदारीही तिने कमी होत नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बाजूची चूक यंत्राची नसून बहुतेक वेळा बोलणाऱ्याची असते, हा मुद्दा मला नवा होता आणि तो पटला.

तीन शंका उरतात. पहिली, प्रत्येक रिपोर्ट ऑडिओसह ऐकून तपासणारा माणूस आमच्या आकाराच्या रुग्णालयाला परवडणार नाही. मग निवड कशी करावी? दुसरी, गर्भवतींच्या सोनोग्राफीची. पीसीपीएनडीटी कायद्यानुसार गर्भाचे लिंग कोणत्याही प्रकारे सूचित करणे हा गुन्हा आहे. अशा रिपोर्टात यंत्राने भलताच शब्द ऐकून ‘मेल’ किंवा ‘फीमेल’ असे काही टाकले तर काय, ही धास्ती आमच्याकडे सगळ्यांनाच आहे. तिसरी, ओपीडीत रुग्ण मराठीतच बोलतात आणि डॉक्टर मराठी-इंग्रजी मिसळून बोलतात; त्यासाठी काही विश्वासार्ह व्यवस्था आहे का?

उत्तर ४ (क्लिनिकल फार्मासिस्ट, नवी मुंबई)

पहिल्या शंकेबद्दल लिहितो. सगळे तपासणे शक्य नसेल तर चूक झाल्यास परत फिरता येणार नाही अशी कागदपत्रे आधी निवडावीत. आमच्या अनुभवात ती दोन आहेत: डिस्चार्ज समरी आणि तातडीच्या निष्कर्षांचे रिपोर्ट. वॉर्डातील रोजची नोंद चुकली तर दुसऱ्या दिवशी राउंडला ती दुरुस्त होण्याची शक्यता असते. डिस्चार्ज समरी मात्र रुग्णाबरोबर अक्कलकोट किंवा बार्शीला जाते आणि पुढचा डॉक्टर तिच्यावरच औषधे चालू ठेवतो. तिथे दुसरी नजर हवीच. ती नजर खास नेमलेल्या माणसाचीच असली पाहिजे असे नाही. आपले जुने टायपिस्ट अजून रुग्णालयात असतील तर त्यांच्याइतका तयार कान दुसऱ्या कोणाचा मिळणार नाही, त्यांना या कामावर घ्यावे.

तातडीच्या निष्कर्षांसाठी लेखी रिपोर्टावर विसंबू नये. रक्तस्राव, फुटलेले आतडे, फुप्फुसातील गुठळी असे काही दिसले की रेडिओलॉजिस्टने फोन करावा, ऐकणाऱ्याने ते लिहून परत वाचून दाखवावे आणि फोन केल्याची वेळ रिपोर्टात नोंदवावी. तोंडी आदेशांसाठी ही पद्धत रुग्णालयांना परिचित आहेच. रिपोर्टात ‘न्यू’ उमटले पण रक्तस्रावाचा फोन आलेलाच नाही, तर विसंगती तिथल्या तिथे समोर येते.

औषधांच्या नावांची गल्लत स्पीच रेकग्निशनच्या आधीपासूनची आहे. अमेरिकेत ओमेप्राझोल हे अ‍ॅसिडिटीचे औषध सुरुवातीला ‘लोसेक’ या नावाने विकले जात होते. ते ‘लॅसिक्स’ या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या नावासारखे ऐकू येते व दिसते म्हणून १९९० साली तिथे त्याचे नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करावे लागले. माणसाच्या कानाला जे जमले नाही ते यंत्राला जमेल अशी अपेक्षा धरू नये. औषध बोलावेच लागले तर जेनेरिक नाव, ताकद, मार्ग, वेळ आणि ते कशासाठी दिले हे एकाच वाक्यात बोलावे. ‘टॅब्लेट फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, तोंडाने, सकाळी एकदा, पायांवरील सुजेसाठी’ या वाक्यात औषधाचे नाव चुकले तरी सूज आणि औषध यांचा मेळ बसत नाही हे फार्मासिस्टच्या लगेच लक्षात येते. दशांश असेल तेव्हा ‘पॉइंट फाइव्ह’ न म्हणता ‘झीरो पॉइंट फाइव्ह’ म्हणावे, पूर्ण संख्येपुढे ‘पॉइंट झीरो’ कधीही बोलू नये, आणि ‘एमसीजी’ न म्हणता ‘मायक्रोग्रॅम’ असा पूर्ण शब्द उच्चारावा.

आणखी एक उपाय सांगतो, ज्याला काही खर्च नाही. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने समरीतील औषधांचा तक्ता रुग्णाला आणि नातेवाइकांना मराठीत वाचून दाखवावा, आणि शेजारी वॉर्डातला औषधांचा चार्ट ठेवावा. ‘बाबांना रात्रीची गोळी इथे पांढरी अर्धी देत होता, यात एक कशी लिहिली?’ असा प्रश्न मुलगी विचारते तेव्हा ती बहुतेक वेळा बरोबर असते. ऑपरेशन डाव्या बाजूचे झाले की उजव्या, हेही रुग्णाइतके खात्रीने दुसरे कोण सांगणार?

सापडलेली प्रत्येक चूक एका वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहून ठेवावी: काय बोलले होते, काय उमटले, कोणी पकडले. दोषी ठरवण्यासाठी ही यादी वापरली तर लोक नोंद करणे बंद करतील, हे व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवावे. महिन्याअखेरीस ती पाहिली की तेच ते शब्द पुन्हा पुन्हा दिसतात, आणि शब्दसंग्रहात काय घालायचे ते त्यातूनच ठरते. सही झालेल्या रिपोर्टात चूक सापडली तर मूळ मजकूर पुसू नये. तारीख-वेळेसह पुरवणी रिपोर्ट जोडावा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.

उत्तर २ च्या लेखकाकडून (हैदराबाद)

उरलेल्या दोन शंकांबद्दल लिहितो.

गर्भवतींच्या सोनोग्राफीसाठी वेगळे टेम्प्लेट करून त्यात निषिद्ध शब्दांची यादी लावता येते. त्या यादीतील शब्द रिपोर्टात आला की सही होऊच नये, आणि तो शब्द हटवल्यावरच पुढे जाता यावे. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल तर तुमच्या रिपोर्टिंग प्रणालीच्या पुरवठादाराला सांगून एक लहान तपासणी बसवून घेता येईल. काम फार मोठे नाही. पण मी त्याही पुढे जाऊन म्हणेन की गर्भाची मोजमापे मशीनमधून येत असतील आणि उरलेले पर्याय निवडण्याचे असतील, तर या एका रिपोर्टसाठी मोकळे डिक्टेशन बंदच ठेवावे. सिडनीच्या डॉक्टर ताईंनी मांडलेले तत्त्व इथे सर्वांत चपखल लागू पडते.

मराठीबद्दल उत्तर थोडे निराश करणारे आहे. आयआयटी मद्रासच्या एआय-फोर-भारत गटाने मराठीसह भारतीय भाषांसाठी खुली प्रारूपे आणि मोठे ध्वनिसंग्रह उपलब्ध केले आहेत आणि ते काम खरोखर मोलाचे आहे. परंतु त्यांतला ‘श्रुतिलिपी’ हा १२ भाषांचा, ६,४०० तासांहून मोठा संग्रह आकाशवाणीच्या बातम्यांतून उभा केलेला आहे. बातमीपत्रातली संथ, शुद्ध मराठी आणि ओपीडीत ‘डॉक्टर, काल रात्रीपासनं छातीत नुसतं भरून आल्यावानी होतंय, ती बीपीची गोळी पण बंदच हाय’ असे सांगणाऱ्या आजोबांची मराठी यांत बरेच अंतर आहे. शिवाय त्याच वाक्याच्या मध्येच डॉक्टर इंग्रजीत ईसीजी आणि ट्रोपोनिनबद्दल बोलू लागतात. तेव्हा आज तरी रुग्णाचे बोलणे यंत्राकडून थेट नोंदीत उतरवू नये. डॉक्टरांनी ते ऐकून, इंग्रजीत सलग डिक्टेट करावे, आणि रुग्णाचे एखादे वाक्य जसेच्या तसे हवे असेल तर ते हाताने टाइप करावे.

पुढे कधी असे संभाषण ध्वनिमुद्रित करायचे ठरलेच, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ध्यानात घेऊन रुग्णाला समजेल अशा मराठीत संमतीपत्र करावे, आणि आवाज कोणत्या सर्व्हरवर जातो व किती दिवस राहतो हे कंपनीकडून लेखी घ्यावे. डिक्टेशनच्या ऑडिओबाबतही आत्ताच एक गोष्ट तपासून पाहा: काही प्रणाली मजकूर उमटताक्षणी ऑडिओ पुसून टाकतात. तसे असेल तर पुण्याच्या संपादकांनी सुचवलेली ऐकून तपासण्याची पद्धत तुम्हाला वापरताच येणार नाही. निदान सही होईपर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे ऑडिओ रिपोर्टाशी जोडलेला राहील, अशी सेटिंग पुरवठादाराकडून करून घ्यावी. मायक्रोफोन आणि सॉफ्टवेअर यांच्या खरेदीची चर्चा त्यानंतर करता येईल.